कुसाबाईचे डोंगळे

कुसाबाई लग्न होऊन सासरी आली तेव्हा सासूनं, आक्काबाईनं, तिला घराच्या आधी रान दाखवलं. घर काय, बौद्धवाड्यातल्या इतर घरांसारखंच दोन खणांचं होतं. रानाची गोष्ट निराळी. वणीच्या खालच्या अंगाला, सप्तशृंगीचा डोंगर सकाळी निळा आणि दुपारी तांबूस दिसतो अशा त्या गावात, वाड्यातल्या बाकीच्यांच्या जमिनी माळावर, मुरमाड. आक्काबाईच्या सासऱ्याला वतनात मिळालेला हा लांबट तुकडा मात्र ओढ्याच्या काठी होता, आणि अर्ध्या विहिरीच्या पाण्यावर त्याचा हक्क होता. विहिरीची उरलेली अर्धी बाजू शेजारच्या कारभारी आप्पाची.

त्या रानात आक्काबाई डोंगळे लावायची. डोंगळे म्हणजे बियाण्यासाठी लावलेला कांदा. निवडून ठेवलेल्या कांद्याचा शेंडा कापायचा आणि बूड जमिनीत रोवायचं. मग त्यातून हिरवे पोकळ दांडे वर येतात, आणि थंडी सरता सरता प्रत्येक दांड्याच्या टोकाला बारीक फुलांचा पांढरा गोंडा फुटतो. गोंडा वाळला की त्यातून काळं बी निघतं. त्या बियाला तिकडे उळं म्हणतात. आक्काबाईचं उळं टाकलं की रोप दाट उतरतं, असं आसपासची माणसं म्हणायची आणि उन्हाळ्यात पिशव्या घेऊन दारात यायची.

फुलं उमलली की रानात माश्या यायच्या. ओढ्यावरच्या उंबराला आग्या मोहळं लोंबत असायची, ढोलीत सातेरी माश्या असायच्या, बांधावरच्या काटेरी कुपाटीत तळहाताएवढ्या पोळ्यावर बारक्या फुलोरी माश्या बसलेल्या असायच्या. या सगळ्यांचा घूं असा एकच आवाज सकाळपासून रानावर पसरायचा. बांधावर भाकरी सोडताना आक्काबाई सुनेला म्हणायची, "ह्या घुमत्यात तोवर आपल्याला काय काम नाय. खायचं आन् बसायचं."

कुसाबाईला ते बसणं आवडायचं. माहेरी सहा भावंडांत ती कधी अशी बसलीच नव्हती.

बहात्तर सालच्या दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला. कुसाबाईचा नवरा सावळीराम आधी खडी फोडायला गेला, मग कुणाच्या तरी ओळखीनं नाशिकला इमारतींच्या कामावर गेला. पाऊस झाला की येतो म्हणाला होता. पाऊस झाला, विहीर भरली, डोंगळे पुन्हा फुलले, आणि सावळीराम सणावारी तेवढा येऊ लागला. यायचा तेव्हा सासूसुनेला साबणाची वडी आणायचा, वाड्यातल्या पोरांशी हसायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघून जायचा. कुसाबाईला मूल झालं नाही. आक्काबाई त्याबद्दल एका शब्दानं बोलली नाही. सून आजारी पडली तर मात्र रात्रभर उशाशी बसून राहायची.

आक्काबाई गेली तेव्हा सावळीराम आला. जलदानाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि सावळीराम उंबऱ्यावर बसून जमिनीकडे बघत म्हणाला, "तुला कुणाकडून कळण्यापरीस मीच सांगतो. नाशकात माझं दुसरं घर हाय."

कुसाबाई भांडी घासत होती. तिनं हातातलं ताट विसळलं, पालथं ठेवलं.

"कवापासून?"

"झालं दोनेक वर्षं."

"आईला माहीत व्हतं?"

सावळीरामनं मान हलवली. माहीत होतं. कुसाबाईला नवऱ्याचा राग आला त्याहून जास्त त्या म्हातारीचा आला, आणि तो राग काढायला म्हातारी उरली नव्हती. उशाशी बसून काढलेल्या त्या रात्रींमागे काय होतं ते तिला आत्ता उमगलं, आणि मग तो रागही टिकेना.

भाऊ न्यायला आला होता. ती गेली नाही. तिथंही कुणाच्या तरी चुलीपाशी बसायचं, त्यापेक्षा इथली चूल तिची होती आणि रान तिच्या हाताखालचं होतं. पण एक झालं. ना ती विधवा, ना सवाष्ण म्हणून कुणाच्या मोजदादीत. बारशाला बोलावणाऱ्या बायका तिच्या दारापर्यंत येऊन घुटमळायच्या आणि पुढे जायच्या. पहिले काही महिने लोकांनी सावळीरामची चौकशी केली, मग ती बंद झाली आणि तिच्याशी बोलायला दुसरा विषय कुणाला सुचेना. दिवस दिवस तिचं बोलणं व्हायचं ते कारभारी आप्पाशी, पाण्याच्या पाळीपुरतं.

"आज इंजिन कोण चालवतंय?"

"तुम्हीच चालवा आप्पा, मी उद्या घेते."

एवढंच. म्हणून फुलांचे ते दिवस ती वर्षभर धरून असायची. सकाळी रानात जायची आणि त्या घुमण्यात बांधावर बसायची. सोबत म्हणावी अशी तेवढीच.

बियाण्याला भाव येतोय असं दिसल्यावर ऐंशी सालच्या आसपास कारभारी आप्पानंही विहिरीच्या बाजूचा आपला तुकडा डोंगळ्यांना दिला. मनानं माणूस वाईट नव्हता. लावायचं कसं ते कुसाबाईलाच विचारून त्यानं लावलं, आणि दांडे वीतभर उंच असल्यापासून रोज येऊन बघायचा. माघात त्याच्या पातीवर पांढरट चट्टे पडले. पातीच्या बेचक्यात पिवळसर, केसाएवढे बारीक किडे होते. तसे किडे कुसाबाईच्या रानातही दर वर्षी असायचे, थोडे यायचे, थोडे जायचे. तिनं कधी मनावर घेतलं नव्हतं. आप्पाची मात्र झोप उडाली. तो पिंपळगावला गेला आणि पाठीवर अडकवायचा पंप आणि औषधाचा डबा घेऊन आला. डब्यावर कवटी आणि दोन हाडं काढलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायला लागलं, माश्या फुलांवर बसल्या, आणि आप्पा नाकाला उपरणं बांधून ओळीतून चालू लागला. हातानं दांडा वरखाली करायचा आणि नळीतून पांढरा फवारा उडायचा. वास असा, की बांधावर बसलेल्या कुसाबाईनं पदर तोंडाला लावला.

दुपारपर्यंत आवाज विरत गेला. तो कधी थांबला ते तिला नेमकं कळलं नाही. भाकरीचं फडकं सोडताना तिला एकदम वाटलं, आपल्या कानांना काही झालं की काय. मग तिनं खाली पाहिलं. एक माशी तिच्या पायाच्या अंगठ्यापाशी मातीत गोल गोल फिरत होती. पंख थरथरत होते, पण अंग उचलत नव्हतं. पलीकडे आणखी एक. मग सरीभर. आप्पाच्या रानात तर वरंब्यांवर कुणी बाजरी सांडल्यासारख्या पडल्या होत्या.

तिनं चार माश्या तळहातावर घेतल्या आणि बांध ओलांडून गेली.

"आप्पा, माश्या मेल्या."

"कोन्त्या?"

"फुलावरच्या. ह्या बघा की."

आप्पानं पंप खाली ठेवला. तिच्या हाताकडे बघितलं, मग आपल्या पायाखाली बघितलं. त्यालाही ते बरं वाटलं नसावं, कारण त्यानं उपरणं तोंडावरून काढून उगाच पुन्हा गुंडाळलं.

"औषध किड्यासाठी आणलंय. माशीचं काय काम त्यात?"

"औषधाला कसं कळावं ते?"

"येत्याल दुसऱ्या," आप्पा म्हणाला. "डोंगरात माश्यांना काय तोटा हाय?"

किडे आठवडाभर दिसेनासे झाले. आप्पा खूश होता. मग ते परत आले, आणि आले ते पहिल्यापेक्षा दाट. पूर्वी पातीवर लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे हिंडायचे, ते या बारक्या किड्यांना आणि माव्याला खायचे. आता ते कुठंच नव्हते. आप्पानं पुन्हा पंप भरला. काम झालं की तो विहिरीच्या थारोळ्यात, उपसलेलं पाणी पडतं त्या हौदात, पंप धुवायचा. थारोळ्यातली बेडकं पांढरी पोटं वर करून तरंगू लागली, तेव्हा कुसाबाईनं त्या विहिरीचं पाणी प्यायचं सोडलं आणि ती वाड्याच्या आडावरून घागर आणू लागली. उंबरावरची मोहळं आधी विरळ झाली, मग रिकामी. मेणाच्या पांढऱ्या पाकळ्या नुसत्या लटकून राहिल्या आणि एका वावटळीत खाली आल्या.

चैत्रात गोंडे खुडले. वाळवून कुसाबाईनं एक तळहातावर चोळला, फुंकर मारली, आणि हातावर काहीच उरलं नाही. दुसरा चोळला, चार दाणे निघाले, त्यातले दोन पोचट. तिच्या रानात नेहमीच्या निम्मंही बी झालं नाही. आप्पाच्या रानात तर गोंडे दिसायला भरघोस आणि आत नुसता भुसा. ज्याच्याकडून कांदे आणले त्यानं फसवलं, असं म्हणून तो गावभर चिडत फिरला.

उन्हाळ्यात शेतकी खात्याचा एक अधिकारी मोटरसायकलवरून चावडीवर आला. आप्पानं त्याच्यासमोर तो गोंडा धरला. अधिकारी तरुण होता, शांतपणे ऐकून घेणारा. त्यानं गोंडा कुस्करून बघितला आणि विचारलं, "फुलं असताना औषध मारलंत का? सकाळी?"

"मारलं की."

"मग माश्या गेल्या असतील. एका फुलातली भुकटी दुसऱ्या फुलात माश्याच नेतात, त्याशिवाय दाणा भरत नाही. आणि किडे खाणारे किडेही मेले असणार, म्हणून तुमची कीड परत वाढली. फुलोऱ्यात फवारूच नका. अगदीच वेळ आली तर दिवस मावळताना, माश्या घरी गेल्यावर."

आप्पा त्या संध्याकाळी विहिरीवर आला आणि त्यानं सगळं जसंच्या तसं कुसाबाईला सांगितलं. शेवटी म्हणाला, "आता संध्याकाळीच मारीन. शब्द."

कुसाबाई म्हणाली, "बरं."

आप्पानं शब्द पाळला. पण पुढच्या माघात फुलं उमलली तेव्हा घरी जायला माश्याच नव्हत्या. उंबर मोकळा, ढोली मोकळी, कुपाटीत पोळं नाही. पांढरं रान उन्हात उभं होतं आणि त्यावर वाऱ्याखेरीज काही हलत नव्हतं. कुसाबाई बांधावर बसली, उठली, घरी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसली. तिथं बसायचं म्हणजे काय करायचं हेच तिला समजेना. आक्काबाई गेली तेव्हासुद्धा ती इतकी एकटी पडली नव्हती.

भुकटी नेण्याचं जे त्या अधिकाऱ्यानं सांगितलं होतं, ते तिच्या डोक्यात फिरत राहिलं. एका सकाळी तिनं एका गोंड्यावरून हात फिरवला. तळव्याला पिवळसर पूड लागली. तोच हात तिनं शेजारच्या गोंड्यावर फिरवला. मग ती घरी गेली, ट्रंकेतलं आक्काबाईचं विरलेलं लुगडं काढलं, त्याचा मऊ तुकडा फाडून हाताला गुंडाळला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. या गोंड्यावरून त्या गोंड्यावर, मग परत, जोर न लावता, तान्ह्या पोराचं डोकं पुसावं तसं.

एका गोंड्यात शेकड्यानं फुलं, आणि सगळी एका दिवशी उमलत नाहीत. आज पुसलेली ओळ परवा पुन्हा धरावी लागायची. दव वाळलं की ती सुरू करायची आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत वाकून चालायची. कंबर धरायची, डोळ्यांतून पाणी यायचं, अंगाला कांद्याचा उग्र वास बसला तो धुवूनही जाईना. वाटेनं जाणारे थांबून बघायचे. एकानं गावात सांगितलं, "कुसाबाई कांद्याला अंघोळ घालतीया." ती हसणाऱ्यांकडे बघायची नाही. फक्त एकदा चालता चालता तिला ऐकू आलं की कुणीतरी बारीक आवाजात घुमतंय. ती दचकून थांबली, आवाजही थांबला. मग कळलं की मिटल्या ओठांनी आपणच घुमतोय. इकडेतिकडे कुणी नाही असं बघून तिनं पुन्हा सुरू केलं.

अशाच एका सकाळी बांधावर सावळीराम उभा होता.

केस पांढरे झाले होते, गाल आत गेले होते. नाशिकला तो आता एका सोसायटीत वॉचमन होता आणि इंदिरानगरात त्यानं दोन खोल्या बांधल्या होत्या, एवढं तिच्या कानावर होतं.

"काय चाललंय हे?" त्यानं विचारलं.

"माश्या नायत. म्हणून."

त्यानं बांधावरून एक गोंडा वाकवून बघितला. मग म्हणाला, "ती गेली."

"कोन?"

"पोरांची आई. दिवाळीआधी. काविळीनं."

कुसाबाई सरळ उभी राहिली. त्या बाईला तिनं कधी पाहिलं नव्हतं, मनातल्या मनात मात्र पुष्कळदा भांडली होती तिच्याशी. 

"पोरं केवढी हायेत?"

"पोरगी शाळेत जाती. धाकट्याला अजून काय कळत नाय, आई कुठंय म्हणून दारात बसतो." सावळीराम बांधावर टेकला. "तू चल. घर हाय, नळाचं पाणी हाय, लाईट हाय. हितं तुला कोण हाय?"

हा प्रश्न तिनं स्वतःला इतक्या वेळा विचारला होता, की त्याच्या तोंडून ऐकताना तो तिला जुनाच वाटला. ती म्हणाली, "फुलं हायेत अजून. आठपंधरा दिवस."

"फुलं?"

तिनं लुगड्याचा दुसरा तुकडा त्याच्या हातात दिला. "ही वळ धरा. मी ही धरते."

सावळीरामनं तुकडा उलटापालटा केला. "हे आईचं," तो म्हणाला. मग चपला काढून सरीत उतरला.

दुपारपर्यंत दोघं शेजारच्या ओळींतून चालली. त्याचा हात जड पडायचा, ती म्हणायची, "हळू." तो शिंकायचा, वाकून वाकून कण्हायचा, तरी चालायचा. कितीतरी वर्षांनी त्या रानात तिच्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या पावलांचा आवाज होता. ती पुढे बघून चालत होती आणि कान मागे होते. जावं का? दारात बसणारं ते पोर तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. पण हा माणूस तिला न्यायला आला होता तो घर उघडं पडलं म्हणून, हेही तिला दिसत होतं. आपण गेलो तर हे गोंडे पोचट राहतील, आणि आक्काबाईचं उळं इथंच संपेल.

भाकरी खाऊन झाल्यावर सावळीरामनं विचारलं, "मग?"

"पोरांना सुट्टीत हितं आणा," ती म्हणाली. "मी बघीन त्यांच्याकडं. पण मी तिकडं यायची नाय."

सावळीरामनं चपला घातल्या. एसटी गाठायला निघाला, तेव्हा कांद्याचा वास जाईना म्हणून ओढ्यावर बराच वेळ हात धूत बसला.

मे महिन्यात कुसाबाईनं बाज विणून घेतली. शेंगदाणे भाजून गूळ घालून डब्यात भरले. रोज दुपारच्या गाडीच्या वेळी ती काही ना काही निमित्त काढून फाट्यापर्यंत जायची. पोरं आली नाहीत. त्यांची मावशी सिन्नरहून येऊन राहिली, असं पुढे कुणाकडून तरी कळलं. शेंगदाण्यांना खवट वास आला तेव्हा तिनं ते वाड्यातल्या पोरांना वाटून टाकले.

बी मात्र झालं. पूर्वीइतकं नाही, पण भरलेलं, काळंभोर, मुठीत घेतलं तर वजन लागावं असं. कारभारी आप्पा पिशवी घेऊन दारात आला. उंबऱ्याच्या आत तो कधी आला नव्हता, तेव्हाही आला नाही.

"कुसाबाई, माझ्या रानात काहीच नाय निघालं. रोप टाकायला थोडं देतीस का?"

तिनं दिलं. सूप भरून दिलं.

त्यानंतर दोनतीन वर्षं बरी गेली. आप्पा संध्याकाळचाच पंप काढायचा, तोही पात कोवळी असताना, फुलोऱ्यात नाही. ढालकिडे पुन्हा दिसू लागले. एका वर्षी तिला कुपाटीत बोरीच्या फांदीवर तळहाताएवढं पोळं दिसलं. फुलोरी माश्या. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. मधासाठी कुणी धूर करील म्हणून त्या बाजूला काटे आणखी रचले. हातानं पुसायचं काम तिनं सोडलं नाही, पण ओळीतून जाताना समोरच्या गोंड्यावर माशी असली की ती तो गोंडा टाळून पुढे जायची.

मग द्राक्षं आली. पिंपळगाव, ओझरकडे बागा होत्याच, त्या सरकत सरकत त्यांच्या गावापर्यंत आल्या. आप्पाच्या मुलांनी विहीर खोल केली, डोंगळ्यांचा तुकडा मोडला आणि तारा ताणून वेली चढवल्या. पलीकडच्या दोघा शेतकऱ्यांनीही तेच केलं. द्राक्षाला औषध एकदोनदा मारून भागत नाही. आज भुरीच्या रोगासाठी, परवा किड्यासाठी, पाऊस शिंतडला की लगेच पुन्हा. इंजिनावरचे मोठे पंप आले. सकाळ, संध्याकाळ असा धरबंध राहिला नाही. कुपाटीतलं पोळं एक दिवस रिकामं दिसलं, पुढच्या वर्षी नवं झालं नाही. कुसाबाईनं ट्रंकेतून पुन्हा लुगडं काढलं.

त्या वर्षी ती फुलं पुसत असताना तिन्ही बाजूंच्या बागांत इंजिनं चालू होती. वारा तिच्याकडे होता. धुक्यासारखं काहीतरी अंगावर येत होतं, पण ओळ अर्धी राहिली होती म्हणून ती थांबली नाही. आधी डोळे चुरचुरले. मग तोंडाला पाणी सुटलं, ते गिळून संपेना. घामानं चोळी भिजली, हातातला फडका धरवेना, आणि पांढरे गोंडे एकात एक मिसळून गेले.

कारभारी आप्पाला ती सरीत पडलेली दिसली. म्हातारा झाला होता तो, तरी त्यानं तिला स्वतः उचललं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं आणि वणीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिच्या पापण्या उघडून बॅटरी मारली आणि इंजेक्शनं दिली, एकामागून एक. रात्री तिला शुद्ध आली तेव्हा आप्पा बाकावर बसला होता, तिच्या चपला मांडीवर घेऊन.

"मी पोरांना सांगतो," तो म्हणाला. "पण माझं ऐकत नायत. म्हनत्यात, बाग थांबत नाय."

"तुम्ही काय करणार आप्पा," कुसाबाई म्हणाली. जीभ जड झाली होती.

बरी व्हायला तिला बराच काळ लागला. हात कायमचे थोडे कापत राहिले. डोंगळे तिनं पुन्हा लावले नाहीत. रानात गहू पेरला. गव्हाचा दाणा आपला आपण भरतो, त्याला कुणाची गरज लागत नाही. उरलेलं उळं लोक मागायला आले त्यांना तिनं देऊन टाकलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात पिशव्या घेऊन कुणी आलं नाही.

एका श्रावणात आप्पाची सून बौद्धवाड्यात आली. तिच्या परसात डांगराचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल मांडवभर पसरला होता, फुलंही पुष्कळ, पण कोवळी डांगरं बोटाएवढी होऊन पिवळी पडायची आणि गळायची. सासऱ्यानं तिला सांगितलं होतं की कुसाबाईला बोलाव.

कुसाबाई सकाळी गेली. मांडवाखाली उभी राहून तिनं सुनेला दाखवलं, हे नुसतं दांड्यावरचं फूल, हे बुडाशी गाठ असलेलं. नुसतं फूल तिनं खुडलं, पाकळ्या तोडल्या आणि आतला दांडा गाठीच्या फुलात अलगद फिरवला. हात कापत होते म्हणून मनगट दुसऱ्या हातानं धरावं लागलं. "झालं," ती म्हणाली. काही दिवसांत डांगर धरलं. मग शेजारच्या घरातून बोलावणं आलं, काकडीसाठी. मग त्याच्या पलीकडून. करून दाखवलं तरी बायका स्वतः करायच्या नाहीत. "तुझ्याच हाताला येतं," म्हणायच्या.

ज्या परसांच्या दारातून तिला कधी कुणी आत घेतलं नव्हतं, त्या परसांत आता ती सकाळी सकाळी फिरू लागली. बायका बोलायच्या, सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या, कपात चहा द्यायच्या. कप कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा हे तिला दिसायचं. ती चहा प्यायची, कप विसळून जिथला तिथे ठेवायची. एकदा एकीनं विचारलं, "कुसाबाई, पूर्वी आपण असं कधी केलं नव्हतं, तरी काकड्या यायच्याच ना गं?"

"यायच्या," कुसाबाई म्हणाली.

"मग आताच काय झालं?"

कुसाबाईनं तिला माश्यांचं सगळं सांगितलं. उंबरावरची मोहळं, ढोलीतल्या सातेरी, कुपाटीतलं पोळं. ती बाई ऐकत होती, पण चुलीवर दूध होतं, मध्येच उठून गेली. कुसाबाई थोडा वेळ मांडवाखाली थांबली, तोंडाशी आलेलं पुढचं बोलणं तसंच ठेवून. मग पलीकडच्या परसातून कुणीतरी तिच्या नावानं हाक मारली, ऊन चढायच्या आत ये म्हणून, आणि ती तिकडे निघाली.